दर दोन तासांनी कूस

आमचे वडील अंबरनाथला कारखान्यात फिटर, आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून घरात एकच बोलणं, पोरींनी शिकायचं, म्हणून मी नर्सिंगला गेले. तिथं आमच्या ट्यूटरबाई सांगायच्या, पेशंटला जे स्वतःला जमत नाही ते तुम्ही करा, आणि जे जमतं ते त्यालाच करू द्या. मला ते इतकं पटलं, काय सांगू तुम्हाला, वाटायचं आता कोणाला काही होऊच देणार नाही.

मग उल्हासनगरला लागले, कॅम्प तीनमध्ये, दवाखान्याचं नाव नका लिहू. बायकांचा वॉर्ड, बेचाळीस खाटा, पाळीला मी आणि एक आया. तिथं हिराबाई आली, बारवी धरणाकडच्या पाड्यावरची, लाकडाची मोळी घेऊन उतरताना घसरली नि पाठीवर पडली, कमरेखाली काही कळेना. अशा पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण इंजेक्शनं, सलाईन, बेचाळीसजणी, दोनाचे सहा तास व्हायचे. मग तिच्या नवऱ्याला, चांगूला, शिकवलं. उशी कुठं, हात कुठं, टाच कशी उचलायची. शाळेत न गेलेला माणूस, घड्याळ बघायला शिकला, आणि इतक्या हळू वळवायचा तिला. केस मात्र ती स्वतः विंचरायची, मी आरसा धरायची.

मग भातलावणी आली. चांगू म्हणाला, सिस्टर, आता भात नाय लावला तर पोरा काय खातील. मी म्हटलं जा, मी आहे. मी आहे म्हटलं आणि मी नव्हते हो. आठ दिवसांत माकडहाडापाशी जखम, ही एवढी खोल. ड्रेसिंग करताना माझं रडू थांबेना, तर तीच म्हणते, बाय, तू कशाला रडतंस, मना तिथं काय समजत नाय. मोठ्या सिस्टरना म्हटलं, अजून एक बाई द्या. त्या म्हणाल्या, मला तरी कोण देतंय.

चांगू आला, जखम बघितली. घरी नेतो म्हणाला. मी त्याला ड्रेसिंग शिकवलं, पुन्हा शिकवलंच बघा, दुसरं काय होतं माझ्याकडे. भात कापायच्या आधी ती गेली. तो मुद्दाम सांगायला आला, शेवटपर्यंत कूस बदलत होतो म्हणाला.

आता रिटायर झाले, पालेगावात राहते. नवीन पोरी नोकरीला लागल्या की भेटायला येतात. मी त्यांना एवढंच म्हणते, तुमच्या वॉर्डात खाटा थोड्या असोत बाई, आणि हातात वेळ असो.