फुटलेलं एक मत

आळेफाट्याहून बेल्ह्याला निघालेल्या एसटीत पुढच्या बाकावरच्या दोघा अनोळखी पाव्हण्यांचं बोलणं आशाच्या कानावर पडलं, तसा तिनं हातातला मोबाइल गपकन पिशवीत टाकला.

“पाच विधानसभा झाल्या, यमाजीतात्या. आमदार बदललं, चिन्हं बदलली, पन आपल्या बूथवर समोरच्याला कधी एक मत पडलं नव्हतं.”

“ठावं हाय, दादाभाऊ.”

“या टायमाला पडलं! खंडोबाचा भंडारा उचलून समद्यांनी शब्द दिला व्हता. मग फुटलं कोन?”

“झालं गेलं. सोड की आता.”

“सोडतोय व्हय! तुमची सून सुंदराच हाय ती. तिचं माहेर त्या उमेदवाराच्या गावातलं.”

“माझ्या सुनेचं नाव घ्यायचं काम न्हाई.”

“समदी वस्ती घेतीया. आज तिला देवळात उभी करायचं ठरलंय. कबूल झाली, की माहेरी धाडायची.”

“तिनं भंडारा उचललाय. मी सोता तिच्या हातावर ठेवला.”

“समद्यांच्याच हातावर तुमी ठेवला, तात्या. ताट घिऊन घरोघर तुमीच फिरला. एक बी हात सुटला न्हाई.”

एसटी बेल्ह्याच्या स्टँडवर थांबली. ‘उतरा, उतरा’ म्हणून कंडक्टर ओरडला, पण ते दोघं जागचे हलले नाहीत. आशाही हलली नाही.

“एक सुटला, दादाभाऊ.”

“कुनाचा?”

“ज्यानं ताट धरलं व्हतं, त्याच्या हातावर कुनी ठेवला भंडारा?”