पूनमच्या नावाची मूठ

माझं माहेर भडगावचं, गिरणाकाठचं, आणि सासर इथलं, देवपुरातलं. घरचे, म्हणजे आमचे मालक, रिक्षा चालवतात, मी ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, करते, उन्हाळाभर गच्चीवर वाळत घालते, आणि काय सांगू भाऊ तुम्हाला, तुम्ही लिहून घेताय म्हणून जरा शुद्ध बोलते, पण राग आला की तोंडात अहिराणीच येते, ती तशीच लिहा. आम्हाला मूलबाळ नाही. म्हणून संस्थेतली पोर आणली, दत्तक नाही हं, सांभाळायला. तिची आई आहे पण तिला जमत नाही, मग सरकार अशी पोरं दुसऱ्याच्या घरी ठेवतं, आणि वाटलं तर परत नेतं. पूनम नाव तिचं, आली तेव्हा दुसरीत होती.

पोर देणाऱ्या सरकारी ऑफिसच्या मॅडमनी काय सांगितलं, चांगलं खाऊ घाला, शाळा बुडवू नका. बस. आमच्याआधी दोन घरांतून तिला उचललेलं, ते कोणी बोललं नाही, मला इकडून तिकडून कळलं. पोर भाकर उशीखाली लपवायची, अंथरूण ओलं करायची, घरच्यांनी फोनवर जरा आवाज चढवला की पलंगाखाली जाऊन बसायची. माझे मोठे दीर, त्यांना आम्ही नाना म्हणतो, ते म्हणाले बाहेरचं शे, भगताकडे ने. मी म्हटलं नाना, तुमचा पाय मोडला तेव्हा भगताकडे गेले होते का?

मॅडम घर बघायला आल्या, पोरीचं वजन केलं, संडास बघितला, पाण्याची टाकी बघितली. मी म्हटलं मॅडम, हिला मनाचा डॉक्टर पाहिजे. तर म्हणतात, अक्का, प्रेम द्या, होईल ठीक, आणि फारच त्रास देत असेल तर सांगा, दुसरं घर बघू. दुसरं घर! अहो, घरं बदलून बदलूनच पोर अशी झाली, आणि यांचं औषध काय, अजून एक घर बदला. तेव्हापासून मला तोंड उघडायची धास्ती. पोर आजारी म्हणावं तर पोर जाते, न म्हणावं तर इलाज होत नाही, मी करू काय?

तरी मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर एक, रांग ही एवढी, आणि त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, काय गं, आई कुठे तुझी? पोर उभ्या जागी ओली झाली. मागे कोणीतरी हसलं. गोळ्या दिल्या, म्हणे शांत राहील. अरे बाबा, शांत तर ती होतीच! त्या गोळ्यांनी पोर शाळेत बाकावर डोकं टाकून झोपायची.

मग जळगावच्या सरकारी दवाखान्यातल्या एक समुपदेशक बाई कळल्या, पोरांशी बोलायचं हेच काम त्यांचं. मी एसटीनं न्यायची. बाई सतरंजीवर मांडी घालून बसायच्या, काही विचारायच्या नाहीत, पोरीबरोबर भातुकली खेळायच्या. हळूहळू पूनम बोलायला लागली, उशीखालच्या भाकरी कमी झाल्या.

आणि श्रावणात घरात कानबाई देवी बसली. आमच्या खान्देशात कानबाईचा रोट असतो, घरातल्या माणसाच्या नावानं मूठ मूठ गहू घेऊन दळायचा, त्या पिठाचा नैवेद्य म्हणजे रोट, आणि तो भाऊबंदांनीच खायचा, परक्याला घास नाही. नानांनी पूनमच्या नावाची मूठ घेऊ दिली नाही, परक्या कुळाची पोर, देवी कोपेल म्हणे. पंगतीत बठ्ठ्यांच्या, सगळ्यांच्या ताटात रोट, हिच्या ताटात वरणभात. रडली नाही ती. सकाळी बघते तर अंघोळ करून, वेणी घालून ओट्यावर बसलेली, मांडीवर पिशवी, पिशवीत सगळे कपडे. मला म्हणते, मावशी, माले लेवाले कव्हय येतीन? मला न्यायला कधी येतील म्हणते!

जळगावच्या बाई म्हणाल्या, अक्का, हिला घर सुटायची खूण माहीत आहे, आधी ताट वेगळं होतं. तू आमचीच असं नुसतं सांगू नका, करून दाखवा. पण दिवाळीनंतर गेलो तर त्यांच्या खोलीला कुलूप. शिपाई म्हणाला कंत्राट संपलं, नवीन कोणी नाही. मी तिथंच ओरडले, पोरनं मन काय कंत्राटवर ऱ्हास का रे भो? पोरीचं मन काय कंत्राटावर राहतं? त्याच्यावर ओरडून काय होणार, तो बिचारा पाणी घेऊन आला. अजून त्या खोलीत कोणी नाही.

यंदा कानबाईला गहू घ्यायला मीच बसले. पूनमच्या नावाची मूठ घेतली आणि म्हटलं, नाना, देवी कोपली तर माझ्यावर कोपू दे, पण ही पोर रोट खाईल, नाहीतर चूल तुम्ही पेटवा. नाना उठून गेले. पंगतीला आले परत आणि जेवले. पूनमनं रोट पुरता खाल्ला, उशीखाली काही ठेवलं नाही.

पण म्हणून गोड करून लिहू नका हं. कानबाई माय तिला सुखात ठेवो, मला दुसरं मागणं नाही, पण देवीनं किती करायचं आणि पगार घेणाऱ्यांनी किती? ती दारामागची पिशवी दिसते ना, खुंटीला? भरलेली आहे अजून. मी हात लावत नाही. कपडे लहान झाले की पोर स्वतःच काढते आणि मापाचे भरते. परवा नवा फ्रॉक आणला, तोही अंगाला न लावता आधी पिशवीत ठेवला. तुम्ही बिबडे घेऊन जा घरी, आणि निघताना त्या पिशवीकडे बघू नका भाऊ, तिला वाटेल न्यायला आले, शाळा सुटली, येईलच ती आता.