लोटाभर जिवाणी

(जळगाव, मेहरूण. मे महिन्यातली दुपार. बैठकीच्या खोलीत तीनशे लिटर खाऱ्या पाण्याची टाकी. संयम, त्याची आई सुगनबाई आणि टाकीचं पाणी तपासायला धुळ्याहून आलेली संघमित्रा.)

सुगनबाई : चहात आलं नाही घालत आम्ही. सुंठ चालेल?

संघमित्रा : नायट्रेट पन्नास.

संयम : जपून, मॅडम. ते बाबूजींचे फिरायचे बूट आहेत. बाबूजी जाऊन आठ महिने झाले, मम्मी तिथून उचलू देत नाही.

संघमित्रा : सोनगीरला धनसिंगच्या धाब्यावरही एवढंच निघालं होतं, टाकीत रोज पोहे टाकायचे. मी विचारलं तर म्हणे, ‘मासा भुक्या शेतस ना ताई.’ भुकेले असतात म्हणे.

सुगनबाई : झाकणाचा लोटा कुणी हलवला?

संघमित्रा : फॉस्फेट एक.

सुगनबाई : साखर?

संघमित्रा : ती पण एक.

संयम : एक म्हणजे जास्त का, मॅडम?

संघमित्रा : साखर ठीक आहे. फॉस्फेट दहापट आहे. म्हणून तर आत जंगल झालंय. ज्याच्यासाठी मला बोलावलंत ते कोरल कुठाय?

संयम : हे काय, त्या हिरव्या केसांच्या मागे. बाबूजींनी मुंबईहून मांडीवर पिशवी ठेवून आणलं होतं. त्यांनी लावलेल्यांपैकी हे एकच उरलंय.

संघमित्रा : तुम्ही पाठवलेल्या फोटोत पाच तोंडं होती.

संयम : फोटो दिवाळीचा आहे. आता दोन आहेत.

संघमित्रा : शेवाळ हातानं उपटून का नाही काढलं?

संयम : मम्मीला विचारा.

सुगनबाई : मीच नाही म्हटलं. आम्हा जैनांत ह्याला लीलण म्हणतात, बेटी. सुईच्या टोकावर राहील एवढ्याशा लीलणीत अनंत जीव. पावसाळ्यात वाटेवर लीलण दिसली तर आम्ही लांबून वळसा घालून जातो. आणि हा चिमटा घेऊन निघाला होता.

संयम : मग मी म्हटलं, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी सोडू.

सुगनबाई : म्हणजे आपण मारायचं नाही, मारणारे पोसायचे.

संघमित्रा : सोडल्या का?

संयम : सहा सोडल्या. मम्मी त्यांना काकडी घालते. पोट भरलेलं असतं त्यांचं. शेवाळाकडे ढुंकून बघत नाहीत.

संघमित्रा : काकडीनं एवढं होत नाही. हा बाजूचा जार शेवटचा कधी भरला?

संयम : मागच्या महिन्यात.

संघमित्रा : भरलेलाच आहे.

संयम : मग चांगलंच ना?

संघमित्रा : संयमभाऊ, बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे. ह्या टाकीतून रोज दोन लिटर पाणी उडून जातं. मीठ आत राहतं, नुसतं पाणी जातं. म्हणून तेवढंच शुद्ध गोडं पाणी हा जार आपोआप टाकीत सोडतो. दहा दिवसांत रिकामा व्हायला पाहिजे होता. याचा अर्थ वरून कुणीतरी पाणी घालतंय.

संयम : कोण घालणार? घरात मी आणि मम्मी, दोघंच.

सुगनबाई : मी घालते.

संयम : तू?

सुगनबाई : त्यात काय लपवायचं? सकाळी बोअरचं पाणी गाळते. फडक्यात जे जीव अडकतात ते मारायचे नसतात. फडकं उलटं धरून धुवायचं आणि ते पाणी जिथून आलं तिथं परत सोडायचं. त्याला जिवाणी म्हणतात, बेटी. भडगावला माहेरी विहीर होती. लोटा दोरीनं खाली सोडला की झालं. इथं दुसऱ्या मजल्यावर नळ. आता नळात परत कसं घालायचं, तूच सांग.

संघमित्रा : नाही घालता येत.

सुगनबाई : मोरीत ओतलं तर मेले. आणि इथं घरातच एवढं मोठं पाणी. वर दिवा, खाली बुडबुडे, वीज गेली तर इन्व्हर्टर. माणसाला नाही एवढी सोय.

संघमित्रा : रोज किती घालता?

सुगनबाई : हा झाकणाचा लोटा. दोन लिटरचा.

संघमित्रा : कधीपासून?

सुगनबाई : टाकी आली तेव्हापासून, चार वर्षं झाली. पहिले याचे बाबूजीच घालायचे. मी सकाळी लोटा भरून हातात द्यायची, म्हणायचे, आण, मी घालतो टाकीत. हे गेल्यावर मी घालते.

संघमित्रा : आणि शेवाळ कधीपासून?

संयम : आठ महिने. बाबूजी गेल्यावरच सुरू झालं.

संघमित्रा : चार वर्षं तेच पाणी, तोच लोटा. आणि शेवाळ फक्त आठ महिन्यांचं?

सुगनबाई : त्यांच्या हाताला गुण होता. थांब, चहा उतू जातोय.

संयम : मॅडम, जरा हळू बोला. ते फडक्यातले जीव, ह्या पाण्यात…

संघमित्रा : नाही जगत.

संयम : काही तरी जगत असतील.

संघमित्रा : गोड्या पाण्यातले आहेत, भाऊ. समुद्राच्या पाण्यात पडले की अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. आक्रसून जातात.

सुगनबाई, आतून : दूध कमी की जास्त?

संघमित्रा : कमी, अक्का.

संयम : तिला सांगू नका.

संघमित्रा : पाणी बंद करायला तर सांगावं लागेल.

संयम : माशांना बाधतं म्हणा.

संघमित्रा : बाधतंच. ते सांगते.

संयम : तेवढंच सांगा. बाबूजी गेले तेव्हा आठ दिवस उपास धरून बसली होती. हे कळलं तर किती दिवस बसेल, मला विचारसुद्धा करायचा नाही.

संघमित्रा : त्यांनी विचारलं नाही तर नाही सांगणार.

संयम : आणि विचारलं तर?

संघमित्रा : आमच्या घरी सकाळी पंचशील म्हणतात. चौथं खोटं न बोलण्याचं आहे.

संयम : आमच्यातही आहे. आमच्यात दुसरं.

संघमित्रा : मग?

संयम : मग काय. मी तिचा मुलगा आहे.

सुगनबाई : घे, बेटी. गरम आहे. काय ठरलं?

संघमित्रा : अक्का, ते पाणी आता टाकीत घालू नका. बोअरच्या पाण्यातून शेतातलं खत येतं. शेवाळ त्याच्यावरच पोसलंय. माशांना आणि कोरलला बाधतं.

सुगनबाई : बरं. नाही घालत.

संयम : झालं तर मग. मॅडम, खाकरा घ्या.

सुगनबाई : आधी घातलेले आत बरे आहेत ना?

संयम : खाकरा घ्या, मॅडम. मेथीचा आहे.

संघमित्रा : नाही, अक्का.

सुगनबाई : नको?

संघमित्रा : खाकऱ्याचं नाही म्हणत. ते जीव जगत नाहीत. पाणी खारं आहे, तुमचे जीव गोड्या पाण्यातले.

सुगनबाई : किती वेळ राहतात?

संघमित्रा : दोन मिनिटं. फार तर पाच.

सुगनबाई : आठ महिने, रोज.

संयम : मम्मी, तुला माहीत नव्हतं.

सुगनबाई : मी विचारलं नव्हतं. माहीत नसणं वेगळं. पण ह्यांना तर माहीत असेल. कपाटभर पुस्तकं आहेत टाकीवरची. चार वर्षं माझ्या हातातून लोटा घेत होते. हसून. आता ही लीलण नाही काढली तर काय होईल, बेटी?

संघमित्रा : महिनाभरात कोरल जाईल.

सुगनबाई : आणि काढली तर लीलण जाईल.

संघमित्रा : हो.

सुगनबाई : मधलं काही?

संघमित्रा : नाही, अक्का.

सुगनबाई : मी सामायिकला बसते आत, जप-ध्यानाला. बसल्यावर मी काही करत नाही, कुणाला काही करायला सांगत नाही. अठ्ठेचाळीस मिनिटं. तेवढ्यात होईल तुझं?

संघमित्रा : दीड तास लागेल.

सुगनबाई : मग दोन सामायिक करते.

संयम : मम्मी, चहा तरी घे.

सुगनबाई : नको. आणि उद्यापासून फडकं कुठे धुवू?

संघमित्रा : बाल्कनीत एक टब ठेवा. त्यात बोअरचंच पाणी.

सुगनबाई : डास होतील.

संघमित्रा : गप्पी मासे देते मी. डासांच्या अळ्या खातात.

सुगनबाई : राहू दे.

संघमित्रा : मग मला तरी दुसरं सुचत नाही.

सुगनबाई : ह्यांना काही सुचलं नाही, तर तुला कुठून सुचणार? बसते मी.

संयम : मम्मी, थांब.

सुगनबाई : काय?

संयम : बाबूजी रोज सकाळी सहाला मेहरूण तळ्यावर फिरायला जायचे. जाताना हातात झाकणाचा लोटा भरलेला असायचा. येताना रिकामा.