ओवीचं गाऱ्हाणं

तुझ्या नातीच्या बारशाला मी येणार नाही, राग मानू नकोस. चहा घे, सांगते का ते.

भावाची मुलगी पाच दिवसांची, मीरा रोडच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. भावाने बाहेरूनच गावच्या गुरवांना फोन लावला, "काका, देवीला गाऱ्हाणं घाला."

गुरव म्हणाले, "मुलीचं नाव काय?"

"अजून बारसं कुठे झालंय?"

"मग कुणासाठी मागतोय, ते देवीला काय सांगू?"

भावाने फोन माझ्या हातात दिला. नाव आत्याने ठेवायचं, बाळाच्या कानात तिनेच सांगायचं. मी म्हटलं, "ओवी सांगा."

स्पीकरवर गाऱ्हाणं सुरू झालं. आम्ही दोघं हात जोडून "व्हय महाराजा" म्हणतोय, तेवढ्यात सिस्टरने दार उघडलं. "कोई एक अंदर आओ, दो मिनट बच्ची से बात करो."

मी हातानेच तिला थांबवलं. गाऱ्हाणं मध्येच तोडतात का?

संपलं तोवर आत डॉक्टरांची धावपळ चालू होती, आणि दार बंद.

संध्याकाळी ती गेली. हॉस्पिटलच्या कागदावर वहिनीच्या नावाने 'बेबी ऑफ सुजाता' एवढंच लिहिलं होतं. ओवी हे नाव गुरवांना माहीत आहे, देवीला माहीत आहे. तिला तेवढं कुणी सांगितलं नाही.