ओळखल्याशिवाय खिरापत नाही

पोरीले संगीत शिकवून काय भेटलं, असं विचारता ना? आइका मंग. आमच्या मृण्मयीनं सेरेनेड लिहिलं. आपल्या माणसाच्या खिडकीखाली संध्याकाळी वाजवतात, ते सेरेनेड. तिनं आईसाठी लिहिलं, अन् अकोल्याच्या कार्यक्रमाआधी पुण्याचे दोन मित्र घेऊन आमच्याच अंगणात, अमरावतीले, वाजवाले बसली. नव्या तऱ्हेचं संगीत. गुणगुणावं अशी चालच नाही. मधातच तिघंही गप्प झाले.

माह्या बायकोले वाटलं, संपलं. आता भुलाबाईची गाणी म्हणाले पोरी दारी आल्या, का गाणी संपल्यावर झाकल्या डब्यातली खिरापत वाजवून दाखवाची अन् ओयखली तरच द्याची, ही आपली रीत. ती डबा घेऊन बाहेर आली अन् खुळखुळ वाजवून म्हणे, "ओयखा, काय हाय?"

चेलो, म्हंजे ते मोठं व्हायोलिन, वाजवणाऱ्या पोराले वाटलं, हेबी लिहिलेलंच आहे. त्यानं डब्याच्या तालावर वाजवणं सुरू केलं. मी बायकोले आवराले उठलो, तं पोरगी म्हणे, "बाबा, बसा. हेच पाहिजे होतं मले."

अकोल्यात स्टेजवर चार खुर्च्या होत्या. चौथीवर बायको, मांडीवर डबा. टाळ्या थांबता थांबेनात. मंग पुण्याहून आलेले एक मोठे संगीतकार जवळ येऊन म्हणाले, "ताई, डब्यात आहे तरी काय?"

बायकोनं डबा त्यांच्या कानाशी हालवला. "ओयखा. आमच्या इकडं ओयखल्याबिगर काहीच भेटत नाही."