येऊ द्या

माझं नाव बबन, गाव लोणी काळभोर, आता त्याला गाव म्हणायचं का पुणं म्हणायचं ते तुम्हीच ठरवा ताई, पण मी जन्मलो तवा गावच व्हतं. वडलांची बैलगाडी व्हती. लोकांचा कडबा, ऊस, कुणाच्या घराच्या विटा, जे मिळंल ते वाहायचे. काय सांगू तुम्हाला, बैलाला पुढं चालायला शिकवावं लागत न्हाई, पण मागं सर म्हणलं की बैल अडतो, त्याला मागचं दिसत न्हाई ना, आन् दिसत न्हाई तिथं कोण पाय टाकंल. मग वडील बैलांच्या तोंडाशी उभे राहायचे आन् मला गाडीच्या मागं उभं करायचे, मी एवढासा, मी आपला वरडायचो, येऊ द्या, येऊ द्या, आन् चाक जाग्यावर आलं की फळीवर हातानं दोन थापा मारायच्या. दोन थापा म्हंजे बास. वडलांना आम्ही अहो म्हणायचो म्हणून येऊ द्या. ते तोंडात बसलं ते बसलंच.

पुढं हडपसरच्या बाजूला एका कारखान्यात लागलो, गाड्यांच्या स्प्रिंगा व्हायच्या तिथं. लग्न झालं, कमल आली, रेश्मा झाली, आन् मग ते बाहेरच्या मालाचं वारं सुटलं, आमच्या मालाला कोण विचारीना, कारखाना बंद पडला. मालकाला वाईट म्हणणार न्हाई मी, तो पण रडला. जागा काही वर्सं तशीच, नुसतं गवत, मग काचेची इमारत उभी राहिली, हीच आपली. मी परत त्याच गेटातून आत आलो, फक्त आता यंत्रावर न्हाई, खाली तळघरात, पार्किंगला. निळा शर्ट, टोपी, गळ्यात शिट्टी. काम काय, तर गाडी मागं येती, तिच्या मागं उभं राहायचं आन् म्हणायचं येऊ द्या.

तवा लोकांची आयुष्यातली पहिलीच गाडी असायची ताई. नागपूर-अमरावतीकडनं आलेली पोरं, हप्त्यावर गाडी घेतलेली, वास पण नवा, प्लॅस्टिक काढलेलं नसायचं शिटावरचं. काच खाली करायची आन् म्हणायची, काका, पाहून राहिले ना तुम्ही? मी म्हणायचो, मी हाय, येऊ द्या. आन् येत व्हती. खांबाला लागली न्हाई कुणाची. म्हंजे एक-दोघांची लागली, खोटं कशाला बोलू, पण ते शिट्टी ऐकत नव्हते, फोनवर व्हते.

मग गाड्यांना आवाज आला. मागं काही असलं की टीं टीं टीं. मग पुढं तो टीव्ही आला आत, मागचं सगळं पुढं दिसतं. एक साहेब हायेत, शनिवार पेठेतले, आपल्याच वरच्या मजल्यावर असतात, त्यांना मी म्हणलं येऊ द्या साहेब, तर काच खाली केली आन् एकदम शांतपणे म्हणाले, अहो काका, मला आरसा आहे, कॅमेरा आहे आणि देवकृपेनं डोळेही आहेत, आपण कशाला त्रास घेता. मी म्हणलं बरं साहेब. ते मागं घ्यायला लागले, आन् माझं तोंड परत, येऊ द्या. ते हसले हो. आता रोज म्हणतात, आलो बरं का, परवानगी असावी.

पण एकदा दोन पोरं माझ्या समोरनं लिफ्टकडं चालली व्हती, त्यातलं एक म्हणलं, या अंकलचा जॉब एक्झॅक्टली काय आहे रे, कार पण बीप करते, अंकल पण बीप करतात. दुसरं म्हणलं, बॅकअप आहेत ते. आन् हसली. वाईट नव्हती पोरं, मला ऐकू गेलं ते त्यांना कळलं पण न्हाई. घरी गेलो, कमलला सांगितलं, म्हणलं, खरं हाय त्यांचं, गाडीला माझी गरज न्हाई. ती पोळ्या लाटत व्हती, मान वर न करता म्हणली, मी अंगण झाडते, दुपारपर्यंत परत पाला पडतो, मग काय झाडाला कापू का. जेवलो.

रेश्माला मात्र ते लागायचं. शिकलेली पोर, बीकॉम, औषधाच्या एजन्सीत हिशोबाला. कॉलेजात असल्यापासून कुणी विचारलं वडील काय करतात, तर सांगायची, आयटीत आहेत. खोटं न्हाई ना ते? आयटीतच हाय मी, फक्त खाली.

मग तिचं जमायची वेळ आली. पोरगा कर्वेनगरचा, तिच्याच ऑफिसमधला, दोघांच्या मनात व्हतं, आता फक्त घरच्यांनी येऊन बघायचं. मधी पडला कमलचा भाऊ, तात्या. तात्याला बोलायला लावलं की दोन शब्द जास्तीचे लावतो. त्यानं त्यांना सांगून ठेवलं, मुलीचे वडील आयटी कंपनीत पार्किंग मॅनेजर हायेत. मला आदल्या दिवशी सांगतो. मी म्हणलं, अरे तात्या, मॅनेजर माझ्या पोरीच्या वयाचा हाय, वर बसतो. तर तो म्हणला, दाजी, एका दिवसाचा सवाल हाय, तुम्ही फक्त बसून राहा. आन् रेश्मा माझ्याजवळ आली, कपाळावरचा घाम पुसत, म्हणली, पप्पा, उद्या शिट्टी खिशात नका ठेवू. न्हाई ठेवणार, म्हणलं. तिचा जीव त्या पोरावर व्हता, ते मला कळत व्हतं. माझ्यापायी मोडलं तर पोर तोंडानं काही बोलली नसती, पण मी तिच्याकडं बघायचं कसं?

तर आली माणसं. मी इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत, हात मांडीवर, दगडासारखा. आमची गल्ली तुम्ही बघितली न्हाई, एका अंगाला उघडं गटार, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याची पाण्याची टाकी, आन् पुढं वाट बंद. गाडी आत घालायची तर उलटीच घालावी लागती. आन् बाहेर मला ऐकू आलं, टीं टीं टीं.

ताई, मी उठलो ते मला कळलंच न्हाई. आईशप्पथ. पाय उठले. मी गल्लीत, हात वर, आन् सुरू झालो, येऊ द्या, येऊ द्या, थोडं डावीकडं, टाकी हाय, येऊ द्या, सरळ करा, येऊ द्या, येऊ द्या, बास. आन् डिकीवर दोन थापा.

तात्यानं कपाळाला हात लावला. पोराची आई खाली उतरली, पदर नीट केला, माझ्याकडं बघितलं आन् म्हणली, अय्या, मॅनेजर स्वतःच गाड्या लावतात का तुमच्याकडे? दारात रेश्मा. तिचं तोंड मी अजून विसरलो न्हाई.

आता काय, म्हणलं, झाकायला काही राहिलंच न्हाई. मी म्हणलं, विहीणबाई, म्हंजे अजून विहीणबाई न्हाई तुम्ही, पण मी मॅनेजर न्हाई. मी ह्योच हाय. गाड्यांच्या मागं उभा राहतो.

चालवत व्हते ते पोराचे वडील. ते उतरायलाच तयार न्हाईत, स्टेअरिंगवर हात ठेवून बसलेले. मला वाटलं रागावले. तर ते काचेतनं म्हणाले, त्या दोन थापा कुठं शिकलात हो? म्हणलं, वडलांच्या बैलगाडीवर. तर म्हणाले, मी एसटी चालवली सगळी नोकरी. स्टँडवर गाडी मागं घेताना आमचा कंडक्टर अशाच मारायचा. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली, पाठीमागं थाप ऐकली नव्हती कुणाची. आन् मग उतरले, घरात येऊन माझ्या शेजारी बसले, दुसऱ्या खुर्च्या रिकाम्या असताना. पोहे झाले, दुसऱ्यांदा चहा झाला, आमचं दोघांचं आपलं घाटात गाडी मागं कशी घ्यायची तेच चाललं व्हतं. जमलं लग्न. विहीणबाईंनी मात्र सोडलं न्हाई, कार्यालय ठरवताना म्हणल्याच, बाकी काही असो, पार्किंगची चिंता मिटली. अजून म्हणतात. मनानं चांगल्या हायेत, जीभ तेवढी पेठेतली.

पण रेश्मा त्या दिवसावर माझ्याशी कधी एक शब्द बोलली न्हाई. रागावली का, का बरं वाटलं, काही न्हाई. मी पण विचारलं न्हाई. सासरी गेली, सुखात हाय, फोन रोज येतो, सगळं बोलती, तेवढं सोडून. मनात राहायचं माझ्या.

आता परवाची गोष्ट. ती गाडी शिकली, जावयांनी नवीनच घेतलीय, टीव्हीवाली, आन् पहिल्यांदाच एकटी चालवत माहेरी आली. मी पायरीवर बसलेलो. गाडी ओळखली, पण उठलो न्हाई. दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले, म्हणलं बबन, बस गप, लेकीला लाज वाटंल, गल्लीतली चार माणसं बघत्यात. तिनं गाडी वळवली, उलटी केली, आन् गल्लीच्या तोंडाशी थांबली. टीं टीं करती, पण हलत न्हाई. मी बसून, ती थांबून. रस्त्यावर रिक्षावाला हॉर्न मारतोय. शेवटी काच खाली झाली आन् आवाज आला, पप्पा, बसलाय काय नुसतं? म्हणलं, अगं टीव्ही हाय की आत. म्हणली, असू दे, मी त्यात बघणार नाही, तुम्ही सांगा.

उठलो. गाडीच्या मागं उभा राहिलो. तोंड उघडलं. आन् ऐका काय निघालं, सगळ्या जन्मात मी लहान पोरांना पण येऊ द्या म्हणलोय, साहेबाला, ड्रायव्हरला, सगळ्यांना द्या, आन् त्या दिवशी पहिल्यांदा निघालं, येऊ दे बाळा, येऊ दे.

आली सरळ. टाकीला न्हाई, गटाराला न्हाई. दोन थापा मारल्या आन् हात डिकीवर तसाच ठेवून उभा राहिलो जरा, पत्रा गरम व्हता. ती उतरली, म्हणली, झालं का बरोबर? म्हणलं, झालं.

पोरं म्हणतात ते खरंच हाय ताई, गाडीला माझी गरज न्हाई. पुढच्या वर्सी इथं पण नुसते दिवे लागणार म्हणे, लाल-हिरवे, माणूस न्हाई. लागू द्यात. तुम्ही बोलत न्हाई फार, पण गाडी लावताना काच खाली करता, आवाज ऐकायला, ते बघतो मी. सुखात राहा. चला, तुमची निघायची वेळ झाली, त्या खांबामागं लावलीय ना, थांबा, मी मागं जातो. हं. येऊ द्या.