रेघेवरचा माठ

सभेचे अध्यक्ष प्रिन्सिपलसाहेब, मंचावरचे पाहुणे, समोरचे मास्तरलोक, खेळाडू पोरं अन् मांगं बसलेल्या बाया, साऱ्याईले माहा सलाम.

मी रौशन, जफर मेकॅनिकची बायको. मले सभेत बोलाची सवय नाही. लेकरू मांगं बसलेल्या शेजारच्या विमलताईजवळ देल्लं आहे, रडलं त रडू द्या.

आज बास्केटबॉल शिकवनारे फुलसिंग सर पुसद सोडून चालले. पह्यले आपल्या कालेजात बास्केटबॉल म्हंजे काय, त उंच पोरगं जाळीखाली उभं करा अन् त्याच्याकडं बॉल फेका. सरनं टप्पा मारनंच बंद केलं. बॉल हातात आला का लगेच दुसऱ्याले द्याचा, पाचही जनाईनं पयत राहाचं. अमरावतीवाले चक्रावून गेले. जफर ग्यारेजचं काम करून याच कालेजात शिके, याच टीममंदी खेळे; तो त घरी भाकर बी तशीच फेके, अन् सासूबाईच्या शिव्या खाये.

पन सरचा अजून एक कायदा व्हता. खेळ सरेपर्यंत पानी नाही. पानी पेलं का पाय जड होते म्हने. मास्तरलोक, तवा तुमाले बी तसंच वाटे, नाही का? दोन सालाआंधी मे महिन्यात, भर उन्हात, जफरनं पानी मांगतलं. सर म्हने, "एक डाव अजून." त्या डावात जफर पडला, तो उठलाच नाही. हे लेकरू तवा पोटात व्हतं.

कालेजवाले म्हने, त्याचं दिल कमजोर व्हतं. सर एकलेच घरी आले. दारातूनच सासूबाईले म्हने, "अम्मा, त्यानं पानी मांगतलं. म्या देल्लं नाही."

मंग सरनं मैदानाच्या रेघेवर माठ ठेवला. दर दहा मिनिटानं शिटी, खेळ बंद, साऱ्याईनं प्याचं. बाहेरचे पोरं हासत, "पानपोईवाले आले रे." सर आयकून घेत. आता यवतमाळवाले बी माठ आनते.

म्या सरले माफ केलं का? नाही केलं. त्याईले ते मालूम आहे.

पन परवा नवीन सर आले, अन् त्याईनं माठ उचलून आफिसात ठेवला. असे लाड केले त पोरं नाजूक होते म्हने. त्या टीममंदी माहा देर अय्यूब आहे, जफरचा लहाना भाऊ. उद्या तो उन्हात उतरन.

सरले शाल-नारळ द्या, द्यालेच पाह्यजे. पन साहेब, माठ पुन्हा रेघेवर येईन, हे इथंच, साऱ्याईपुढं सांगा.

मले बोलावलं, आयकून घेतलं, मेहरबानी. कोनाचा मान राह्यला असन त अडानी समजून माफी द्या.

साहेब, मी खाली बसत नाही. तुमी सांगा, मंग बसतो.